डिट्टो लूपर : पेंटाटॉनिकचा जिना मोडायला हे पेडल किती कामाचं?

टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो लूपर, म्हणजे गिटारवर वाजवलेलं भरून घेऊन तेच पुन्हा पुन्हा वाजवणारं पायाचं पेडल, दिसायला अगदीच किरकोळ आहे. एक बटण, एक नॉब, एक दिवा. ५ मिनिटांपर्यंतचं रेकॉर्डिंग, त्यावर हवे तितके थर, आणि वापरात नसताना ट्रू बायपास (गिटारचा आवाज पेडलला न शिवता थेट पुढे). ठेका देत नाही, टेम्पो दाखवत नाही, चुकलेलं सावरून घेत नाही. आवाज २४-बिट आणि स्वच्छ आहे, त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. इथे तपासायचं आहे ते वेगळंच. मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचा पहिला बॉक्स (गिटारच्या मानेवरची ठरलेली मांडणी) पाठ झालाय, बोटंही पळतात, पण ऐकताना कुणीतरी जिना चढतंय-उतरतंय असं वाटतं, अशा ब्लूज शिकणाऱ्याला या डबीचा उपयोग होतो का?

होतो. मात्र तो नेमका कशात आहे हे कळलं नाही, तर चार दिवस मजा वाटते आणि पाचव्या दिवशी पेडल कपाटात जातं.

ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर. आपल्याकडच्या धानी रागाचेच स्वर म्हणा हवं तर. ए मधल्या बारा बारच्या ब्लूजमध्ये (बार म्हणजे चार बीटचा एक तुकडा) ए७, डी७ आणि ई७ या तिन्ही कॉर्डवर हे पाच स्वर बिनदिक्कत वाजवता येतात, आणि घोटाळा इथेच होतो. काहीही वाजवलं तरी फारसं वाईट लागत नाही, म्हणून कान कॉर्डकडे बघणंच सोडून देतो. तयार बॅकिंग ट्रॅक लावला की आणखीच लाड होतात. बेस, ड्रम, ऑर्गन सगळे मिळून इतकं छान वाजवत असतात की वरचं गिटार सुमार असलं तरी खपून जातं. डिट्टोवर ही सोय नाही. आधी कॉर्ड स्वतः वाजवून भराव्या लागतात, आणि कॉर्ड कुठे बदलते ते हाताला कळलं की कानालाही कळू लागतं.

भरताना एक बोट आडवं टाकून धरायच्या सहा तारांच्या बॅरे कॉर्ड नकोत. तीन-तीन स्वर पुरेत. (तारा मोजताना सर्वांत बारीक ती पहिली.) ए७ साठी सहाव्या तारेवर ५वा फ्रेट, चौथीवर ५वा, तिसरीवर ६वा. डी७ साठी पाचवीवर ५वा, चौथीवर ४था, तिसरीवर ५वा. ई७ म्हणजे डी७चाच आकार दोन फ्रेट वर सरकवलेला. आता ए७ वरून डी७ वर जाताना वरच्या दोन बोटांकडे नीट बघा. चौथ्या तारेवर जी चा एफ शार्प होतो, तिसऱ्या तारेवर सी शार्प चा सी होतो. दोन्ही बोटं एकेक फ्रेट खाली उतरतात, बस. पाचव्या बारला ब्लूजमध्ये जे ‘वळतं’ ते एवढंच आहे. ही हालचाल दहा वेळा करून झाल्यावर सोलो वाजवताना ती ऐकू न येणं जवळजवळ अशक्य असतं.

बार लावायचे ते नेहमीचेच: ए७ चे चार, डी७ चे दोन, ए७ चे दोन, मग ई७, डी७, ए७ आणि शेवटी परत ई७ प्रत्येकी एक. संथ ब्लूज, मिनिटाला ६० बीट धरले, तर एक फेरी ४८ सेकंदांची होते. ५ मिनिटांत अशा सहा बसतात. एकच भरा. सहा फेऱ्या भरायच्या नादात पाचव्या फेरीत हात चुकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

नवख्याला घाम फोडणारी गोष्ट म्हणजे दुसरा टॅप. पहिल्या टॅपला रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्याला लूप बंद होऊन वाजायला लागतो. बहुतेक जण बाराव्या बारची चौथी बीट वाजवून थांबतात, मग पाय खाली नेतात. तोवर पाव-अर्धी बीट निघून गेलेली असते आणि लूप प्रत्येक फेरीच्या तोंडाशी लंगडतो. पेडल क्वांटाइझ करत नाही, म्हणजे चुकलेला टॅप आपणहून बीटवर आणत नाही, त्यामुळे ही लचक तशीच राहते. उपाय सोपा आहे. बारा बार संपले असं मानायचंच नाही. तेराव्या बारची सम येणार आहे असं समजून हात चालूच ठेवायचा आणि त्या समेवर पाय मारायचा. सुरुवातीलाही तेच: एक बार नुसता मोजून मगच पहिला टॅप. चपलेची टाच आधीच जमिनीवर टेकलेली असावी, फक्त चवडा हलला पाहिजे. पूर्ण पाय उचलून आपटणाऱ्याचा टॅप कधीच वेळेवर पडत नाही.

लूप तयार झाला की नॉब खाली आणा. कॉर्ड सोलोच्या मागे राहिल्या पाहिजेत. लूप जोरात असला की माणूस त्याच्यावर कुरघोडी करायला जोरजोरात तारा ओढतो, आणि मग हळू-जोरातला फरक संपतो. पेंटाटॉनिक निर्जीव वाटण्यामागे हे फार मोठं कारण असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता सोलो. संपूर्ण बॉक्स नको. तिसऱ्या तारेवरचा ५वा फ्रेट, म्हणजे सी, एवढा एकच स्वर घ्या आणि पूर्ण फेरी त्यावर काढा. ए७ वर हा सी कॉर्डमधल्या सी शार्पला घासतो. त्याच तारेवर, शेजारच्याच फ्रेटवर तो सी शार्प तुम्ही मघाशी भरलेला आहे. म्हणून पहिल्या बोटाने तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढायची. पूर्ण अर्धा स्वर चढवायचा नाही, पाव स्वर, दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. ब्लूजचा तो आंबट-गोड स्वर तो हाच. पाचव्या बारला डी७ आली की ओढणं बंद: तोच सी आता कॉर्डचा सातवा स्वर आहे, सरळ वाजवा, निवांत बसतो. सातव्या बारला पुन्हा ओढा. नवव्या बारला ई७ वर गप्प बसा, कारण तिथे सी कडू लागतो. ऐकायचंच असेल तर एकदा मुद्दाम वाजवून बघा, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. दहाव्या बारला सरळ, अकराव्याला ओढून, बाराव्याला परत ई७, परत गप्प. एका स्वरात गाणं वळताना ऐकू येतं. पेडलचे पैसे इथे वसूल होतात.

मग दुसरी तारही घ्या. तिसरीवर सी आणि डी (५ आणि ७), दुसरीवर ई आणि जी (५ आणि ८). चारच स्वर. वाक्य समेवर सुरू करायचं नाही. सम जाऊ द्या, अर्ध्या बीटनंतर शिरा. वाक्य संपवायचं ते त्या वेळच्या कॉर्डच्या स्वरावर. ए७ वर ई आणि जी हे न्यासाचे स्वर, डी लोंबकळतो. डी७ वर डी आणि सी बसतात, जी लोंबकळतो. ई७ वर ई आणि डी बसतात, आणि जी घासतो; तो जी शार्पकडे पाव स्वर ओढला की रंग येतो. लोंबकळणारा स्वर चुकीचा असतो असं नाही. त्याच्यावर थांबलात तर वाक्य अर्धवट वाटतं, एवढंच. आणि कधीकधी तेच हवं असतं.

बारा बारची फेरी चार-चार बारच्या तीन ओळींची असते. ब्लूजच्या गाण्यात पहिली ओळ म्हणतात, दुसरी साधारण तीच पुन्हा, तिसरीत उत्तर. आणि प्रत्येक ओळीच्या मागच्या दोन बारांत गिटार बोलतं. तसंच करायचं: दोन बार वाजवा, दोन बार हात तारांवर आडवा ठेवून थांबा. पाचव्या बारला पहिलंच वाक्य पुन्हा, फक्त शेवटचा स्वर डी७ ला मानवेल असा बदललेला. नवव्याला नवीन काहीतरी. डिट्टोवर मध्येच एक टॅप करून हा सोलो वरच्या थरात भरता येतो, आणि मग गिटार खाली ठेवून ऐकता येतो. शांततेच्या जागा मोजा. बहुतेकांच्या सोलोत त्या नसतातच. ऐकून झालं की बटण दाबून धरा, तो थर निघून जातो आणि कॉर्ड जशाच्या तशा राहतात. पुन्हा दाबून धरलं की थर परत येतो, पण त्याची गरज क्वचितच पडते.

बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला स्वर, तपासायलाही हा डबा झकास आहे. दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट, ई, असा दोन-तीन सेकंदांचा लूप करा. आता तिसऱ्या तारेचा ७वा फ्रेट, डी, पूर्ण एक स्वर वर ओढून त्या ई ला भिडवा. स्वर थोडा कमी असला की दोन्ही आवाज मिळून लाटा येतात, वाव-वाव-वाव असं ऐकू येतं. जवळ जाल तशा लाटा संथ होतात, जुळलं की विरून जातात. ट्यूनरकडे डोळे लावून हे शिकता येत नाही, कानाने दोन दिवसांत येतं. बेंड अर्धवट राहण्याचं कारण बहुधा एकटं तिसरं बोट ढकलत असतं. पहिलं आणि दुसरं बोट त्याच्या मागे त्याच तारेवर टेकवा, अंगठा मानेवरून वर येऊ द्या, आणि किल्ली फिरवल्यासारखं मनगट वळवा. व्हायब्रेटोही (धरलेल्या स्वराचं आंदोलन) त्याच वळणातून निघतो. वर पोचल्यावर लगेच हलवू नका. स्वर आधी स्थिर, मग हलका झोका. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग गिटार उलटं धरायचा, तारांचा क्रम न बदलता, त्यामुळे त्याचे बेंड तार खाली ओढून येत. त्याची नक्कल करताना नेहमीच्या पकडीत तेवढं वजन येत नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

पेडल कुठे जोडायचं यावरही बरंच अवलंबून आहे. ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज फाटका करणारं) आधी, डिट्टो त्याच्या नंतर. कॉर्ड स्वच्छ आवाजात भरायच्या, मग ड्राइव्ह सुरू करून सोलो. लूप स्वच्छच राहतो. उलटं लावलं, किंवा अँप स्वतःच फाटत असेल, तर कॉर्ड आणि सोलो एकाच गाळणीतून जातात आणि सगळ्याचा चिखल होतो. अँपच्याच ड्राइव्हचा आवाज हवा असेल तर डिट्टो अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या पुढे पेडल जोडायच्या अँपवरच्या जागेत, टाकावा लागेल. बॅटरीची जागा आत नाही. ९ व्होल्टचा, सेंटर-निगेटिव्ह, किमान १०० मिलिअँपचा अडॅप्टर लागतो.

खरी खटकणारी गोष्ट म्हणजे थांबवणं. डबल टॅप करावा लागतो, त्यातला पहिला टॅप ओव्हरडबचा, म्हणजे नवा थर भरायला लागण्याचा असतो, आणि लूप दुसऱ्या टॅपला थांबतो. म्हणजे शेवट समेवर हवा असेल तर पहिला टॅप समेच्या जरा आधी मारायचा आणि त्या वेळी तारांवर हात ठेवून त्या गप्प करायच्या. सरावापुरतं चालतं. रंगमंचावर वापरायचं असेल तर याच घराण्यातलं डिट्टो एक्स२ घ्या, त्यात दुसरं बटण आहे आणि त्याला थांबवण्याचं काम देता येतं. बॉस कंपनीचं आरसी-१ हे लूपर मोठं आहे, पण त्यात १२ मिनिटं मिळतात आणि गोलाकार दिव्यांवर लूप कुठवर आला ते दिसतं. शिकणाऱ्यासाठी हा दिव्यांचा फायदा उलटाही पडतो: डोळे बार मोजतात, कान झोपतो. ठेका हवा असेल तर फोनवरचा मेट्रोनोम दुसऱ्या-चौथ्या बीटवर लावा. ड्रमवाल्या महागड्या लूपरची घाई नको.

नॉबचा एक उपयोग डिट्टोबरोबर येणाऱ्या कागदावर सापडणार नाही. चार-पाच फेऱ्या झाल्या की बाराव्या बारच्या शेवटी नॉब पूर्ण शून्यावर न्या. लूप फिरतच असतो, फक्त ऐकू येत नाही. आता एक अख्खी फेरी एकट्याने वाजवा, फक्त ते चार स्वर आणि त्यांच्या मधल्या जागा. आठव्या बारचा शेवटचा स्वर लांबवा, तेवढ्यात उजव्या हाताने नॉब वर घ्या. पाठोपाठ ई७ पडली पाहिजे.