क्योतोत राहावे की कोयासानवर?

जपानमधल्या मंदिरांसाठी हाताशी चारच दिवस असतील आणि जेवण हाही प्रवासाचाच भाग आहे असे आपण मानत असाल, तर सगळे मुक्काम क्योतोत करावेत की एखादी रात्र कोयासान या मठ-मंदिरांच्या डोंगरावर काढावी, हा प्रश्न पडतो. मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि मी शाकाहारी आहे. पुढचे सारे या दुसऱ्या गोष्टीची सूट देऊन वाचावे.

मंदिरांची संख्या आणि वैविध्य यांत क्योतोला तोड नाही. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडते. तेव्हाच गेल्यास तिथला प्रचंड लाकडी सज्जा जवळजवळ एकट्याला मिळतो. किन्काकुजीची सोनेरी वास्तू १९५० मध्ये जळाल्यावर १९५५ मध्ये पुन्हा उभारलेली आहे, हे ठाऊक असूनही तिचे तळ्यातले प्रतिबिंब फिके वाटत नाही. मासे खाणाऱ्याला निशिकी बाजाराची चिंचोळी गल्लीही दिवसभर पुरेल.

माझे घोडे अडले ते 'दाशी'पाशी. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओ माशाचा वाळवलेला कीस यांचे हे पाणी मिसो सूप, उदोन (जाड शेवया), इतकेच काय उकडलेल्या भाज्यांमध्येही मुरलेले असते. नान्झेनजी मंदिराजवळ युदोफू मागवले, तेव्हा टोफू नुसत्या कोम्बूच्या पाण्यात उकळताना पाहून मी निर्धास्त झालो. अर्धे जेवण झाल्यावर कळले की तो ज्यात बुडवून खायचा, त्या सोया सॉसमध्येच कात्सुओ होता. वाढणाऱ्या बाईंना दोष देता येणार नाही. मी 'मासा आहे का' एवढेच विचारले होते, आणि ताटात माशाचा तुकडा नव्हता, हे खरेच होते. त्यानंतर मात्र प्रत्येक जेवणाची उलटतपासणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी मी उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेल्या भाताच्या गोळ्यांवर आलो.

कोयासानवर हा प्रश्नच नव्हता. मंदिरातल्या मुक्कामी मिळणाऱ्या 'शोजिन ऱ्योरी' या बौद्ध मठांतल्या जेवणात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे आपला चातुर्मासच. दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळिंब्यांची. तिळाचे दूध कुझू या कंदाच्या सत्त्वाबरोबर शिजवून थिजवलेला गोमादोफू मी तिथे पहिल्यांदा खाल्ला, आणि त्यासाठी पुन्हा डोंगर चढायची माझी तयारी आहे.

इथला बौद्ध पंथ शिंगोन. त्याचा 'गोमा' विधी म्हणजे आपला होम, आणि ओकुनोइन या दफनभूमीच्या सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेवर, उंच देवदारांखालच्या दोन लाखांहून अधिक थडग्यांमध्ये, सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरे दिसत राहतात. या वाटेच्या टोकाला पंथाचे संस्थापक कूकाई अजूनही ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा असल्याने त्यांच्यासाठी रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला जेवण नेले जाते. आळंदीची संजीवन समाधी ज्याला माहीत आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

गैरसोयी आहेतच. मुक्काम महाग आहे, कागदी सरकदारांच्या खोल्यांत थंडी बोचते, जेवण साडेपाच-सहालाच उरकते आणि नंतर गावात फारसे काही उघडे नसते. मांसाहारी मंडळींना एक रात्र पुष्कळ होईल आणि त्यांनी उरलेल्या तीन क्योतोला द्याव्यात, हे मला रास्त वाटते. शाकाहाऱ्यांनी मात्र निदान दोन रात्री वर काढाव्यात, आणि जमल्यास त्या क्योतोनंतर ठेवाव्यात. मी उलट क्रमाने गेलो होतो.