नोव्हेंबरात ट्राउटचा परवाना देतो म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका

दिवाळी जवळ आली की 'हिमाचलात ट्राउट फिशिंग, परवान्यासकट' अशा जाहिराती मोबाईलवर पुन्हा दिसायला लागतील. मागच्या खेपेला अशाच एका जाहिरातीवरून मी, माझा मेहुणा आणि भाचा असे तिघं फसलो. माणशी चौदा हजार गेले. आपल्या भागातली गळ टाकणारी पोरं पैसे साठवून अशा सहलीला निघतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी नांदेडचा. विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला गोदावरीत गळ टाकण्यात माझी तीस वर्षं गेली. कणकेचा गोळा, गांडूळ, कधी जिवंत बेडकी. मरळ, कटला, शिंगाडा, वाम, सगळं धरलं. डोंगरातल्या थंड पाण्यातला ट्राउट एकदा तरी गळाला लागावा, ही फार दिवसांची इच्छा. मेहुणा म्हणाला, "दाजी, भाऊबीज झाली की निघू. सचखंड एक्सप्रेस आहेच आपल्या दाराशी."

जाहिरातीतला माणूस मराठी बोलणारा. मला काका म्हणायचा, घरच्यांची चौकशी करायचा. त्याने ब्यासला मिळणाऱ्या तीर्थन नदीचे व्हिडिओ पाठवले. तळातला गोटा न् गोटा दिसावा असं हिरवट, नितळ पाणी. मी नदीबद्दल खोदून विचारलं, आणि त्याची उत्तरं बरोबर होती. जून-जुलैत बर्फ वितळून ब्यासचं पाणी राखेसारखं गढूळ होतं, त्यावर पावसाळा, म्हणून त्या दिवसांत येऊ नका. पाऊस गेला की पाणी उतरतं, निवळतं, गळ टाकायला सोपं जातं. इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास ब्राउन ट्राउट कुल्लूत आणला, हेही त्यानेच सांगितलं. इतकं खरं बोलणारा माणूस परवान्याबद्दल खोटं बोलेल, असं वाटलंच नाही.

त्याने एकच गोष्ट लपवली. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा ट्राउटचा विणीचा काळ असतो.

हे माझ्या लक्षात का आलं नाही, ते नीट सांगतो, कारण तुमचीही चूक इथेच होईल. आपल्याकडे मासा पावसाळ्यात वितो. मृगाचं नवं पाणी आलं की प्रवाहाच्या उलट चढतो, गाभोळीने फुगलेला असतो. त्यामुळे मासेमारी बंदी म्हणजे पावसाळा, हे डोक्यात घट्ट बसलेलं. पाऊस संपला, पाणी निवळलं, म्हणजे मोकळीक. ब्राउन ट्राउटचं गणित उलटं आहे. पाणी गार पडायला लागलं की मादी उथळ, वाहत्या पाण्यातल्या बारीक गोट्यांत शेपटीने खळगा करते आणि त्यात अंडी घालते. ती अंडी कित्येक आठवडे त्या गोट्यांखालीच असतात. म्हणजे पाणी सगळ्यात सुंदर दिसतं, नेमक्या त्याच दिवसांत नदीत पाय घालायचा नसतो.

निम्मे पैसे आगाऊ मागितले, ते यूपीआयने पाठवले. खातं त्याच्या नावावर नव्हतं, कुणा बाईच्या नावावर होतं. 'आमच्या अकाउंटंटचं आहे' म्हणाला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर परवाना आला. गोल शिक्का, सही, तिघांसाठी एकच 'ग्रुप परमिट', कुणाचंच नाव नाही. तारीख नोव्हेंबरची. परवाना आला म्हटल्यावर उरलेले पैसेही पाठवून दिले.

अंबाल्याला उतरलो, तिथून बस, रात्रभर घाट, सकाळी बोगद्याजवळ ओटला उतरलो, पुढे जीपने बंजार आणि तीर्थनकाठचं गुशैणी. थंडी हाडात शिरणारी. भाच्याने नदी पाहिली आणि बॅग रस्त्यावरच टाकून काठाकडे पळाला. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या बाबांना मी कौतुकाने परवाना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, परत माझ्या हातात दिला आणि हिंदीत म्हणाले, "हा कागद खोटा आहे. मासा अंड्यावर आहे, आता इथे कुणी गळ टाकत नाही. गार्डने पाहिलं तर सामान जाईल आणि दंडही होईल."

मी त्या माणसाला फोन लावला. आधी म्हणाला, लोकल लोक टुरिस्टांना घाबरवतात. मग म्हणाला, माझ्याकडचा एक पोरगा येतोय, त्याच्याबरोबर जा. तो पोरगा आला आणि आम्हाला नदीवर न नेता वरच्या एका शेतावर घेऊन गेला. सिमेंटचे लांबट हौद, त्यात पाळलेले रेनबो, म्हणजे ट्राउटचीच दुसरी जात. इथे गळ टाका, जो लागेल तो किलोने विकत घ्या. त्या पोरालाही त्या माणसाने पैसे दिलेले नव्हते. त्याला बोलून काय उपयोग? संध्याकाळपर्यंत आमचे तिन्ही नंबर ब्लॉक झाले होते.

त्याने पाठवलेले फोटो त्या रात्री मी पुन्हा पाहिले. 'नदीतला ब्राउन' म्हणून दाखवलेल्या माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा होता. तो रेनबो. ब्राउनच्या अंगावर काळे आणि लाल ठिपके असतात, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं असतं. तीर्थनमध्ये मुख्यतः ब्राउन आहे. फोटोही हौदावरचेच होते.

जायचंच असेल तर मार्च ते जूनची सुरुवात, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून, स्वतःच्या नावाने घ्यायचा. मधला माणूस कितीही गोड बोलला तरी आधी विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा, त्या तारखेला नदी खुली आहे का. पैसे गेल्याचं कळलं की त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करा. मी नांदेडला परत येईपर्यंत थांबलो, सहा दिवस गेले, तोवर त्या बाईच्या खात्यात काही उरलं नव्हतं. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

पैशापेक्षा दुसरीच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. लहानपणी आमच्या गल्लीतल्या भोई काकांनी मला गळ टाकायला शिकवलं, तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की गाभोळीचा मासा लागला तर पाण्यात सोडायचा. त्या दिवशी टपरीवर थांबलो नसतो, तर आम्ही तिघं गमबूट घालून थेट त्या गोट्यांवर उतरलो असतो. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी बाबांनी आम्हाला पुलावर नेलं आणि खाली बोट दाखवलं. उथळ पाण्यात गोट्यांचा एक फिकट, नुकताच उकरलेला चट्टा होता, आणि त्याच्यावर प्रवाहाकडे तोंड करून एक मासा जागच्या जागी हलत होता. भाचा बराच वेळ कठड्याला धरून बघत राहिला. बस चुकेल म्हणून शेवटी त्याला हाताला धरून आणावं लागलं.