नाशिकमध्ये रीसेल फ्लॅट आणि गृहवित्त कंपनीचं कर्ज : चौदा महिन्यांचा अनुभव

पाथर्डी फाट्याजवळ आम्ही 46 लाखांचा रीसेल टू-बीएचके घेतला आणि त्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडून 36 लाखांचं कर्ज काढलं. मागच्या महिन्यात ते कर्ज एका सरकारी बँकेकडे वळवलं, म्हणून आता सगळं लिहितोय. पाचपैकी एकच तारा देतोय, तोही शाखेतल्या एका मुलीसाठी. माझं काम नेमकं कुठे अडलंय हे त्या ऑफिसात फक्त तिनेच मला खरं सांगितलं.

कंपनीकडे जाण्याचं कारण साधं होतं. मी अंबडला कारखान्यात आहे आणि पगाराचा बराच भाग ओव्हरटाइमचा आहे. बँकेने तो धरला नाही आणि 31 लाखांवर बोट ठेवलं. कंपनीने धरला. त्यांचा माणूस सिडकोतल्या आमच्या भाड्याच्या घरी येऊन कागद घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही निवांत राहा, पंधरा दिवसांत चेक." मंजुरीपत्र 8.60 टक्क्यांचं आलं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, हे आधीच माहीत होतं, म्हणून वरचे पैसे तयार ठेवले होते.

सप्टेंबर 2024 च्या पहिल्या आठवड्यात साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा करार केला. तीन लाख इसार दिला, खरेदीखताची मुदत साठ दिवस. घर विकणारे काका-काकू पुण्याला मुलाकडे जाणार होते. पितृपक्षात सहसा कोणी खरेदी करत नाही, म्हणून ते पंधरा दिवस कागदांसाठी हाताशी आहेत असा माझा हिशोब होता.

कागद मात्र एकेक करून मागितले गेले. आधी इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदणीचा सारांश उतारा. आठ दिवसांनी सोसायटीचं ना-हरकत. पुन्हा आठ-दहा दिवसांनी बिल्डरने काकांना दिलेल्या मूळ कराराची नोंदणी पावती. ती देऊन झाल्यावर महापालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत, ज्यासाठी मी दोनदा अर्धा दिवस रजा टाकून राजीव गांधी भवनात नगररचना विभागात गेलो. यातला एकही कागद चुकीचा मागितला नव्हता. पण कंपनीच्या पॅनेलवरच्या, म्हणजे कागद तपासणाऱ्या वकिलाने सगळी यादी पहिल्याच आठवड्यात लिहून दिली होती, हे मला त्या मुलीकडून कळलं. यादी एकदम माझ्या हातात दिली असती तर दसऱ्याच्या आधी काम झालं असतं. दर वेळी मी कागद घेऊन गेलो की आमचा प्रतिनिधी सुट्टीवर किंवा साइटवर असायचा आणि माझी फाइल टेबलावर तशीच असायची.

काकांनी तोवर फर्निचर पुण्याला पाठवून दिलं होतं. एकदा गेलो तर दोघं हॉलमध्ये गाद्या टाकून राहत होते. काकू चहा देत म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही हो, पण आम्हाला तारीख तरी कळू दे." त्या वाक्याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं पुढे गेलेल्या पैशांचंही वाटलं नाही.

29 ऑक्टोबरला, मुदतीला जेमतेम चार दिवस उरले असताना, करारावर सह्या करायला बोलावलं. दर 8.95. मी विचारलं तर उत्तर मिळालं की मंजुरीपत्रातला दर तीस दिवसांपुरता होता. शिवाय 1 लाख 12 हजारांचा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळलेला, म्हणजे कर्ज 37.12 लाख. विमा नको म्हटलं तर "मग फाइल परत क्रेडिटला जाईल, साहेब." गृहकर्जासोबत विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण फाइल परत कर्ज मंजूर करणाऱ्या विभागाकडे गेली असती तर इसार आणि काकांचा शब्द दोन्ही गेले असते. मी सह्या केल्या. 36 लाखांना 8.60 ने वीस वर्षांसाठी 31,470 च्या आसपास हप्ता बसला असता, तो 33,278 झाला. 1 ऑक्टोबर 2024 पासून कर्जासोबत मुख्य तथ्यांचं विवरणपत्र द्यावं लागतं. ते दिलं होतं, दर आणि विमा दोन्ही त्यात छापलेले होते, पण सह्यांच्या गठ्ठ्यात, त्याच दिवशी.

आणि एवढं करूनही मुदत हुकलीच. पाडव्याला नव्या घरात जायचं ठरलं होतं, ते राहिलं. खरेदीखताचा मसुदा त्यांच्या विधी विभागाकडे पडून होता, मग मधे विधानसभेच्या मतदानाची सुट्टी आली. काकांनी मुदत वाढवून दिली, एक रुपया दंड घेतला नाही. 21 नोव्हेंबरला दस्त नोंदवला आणि तेव्हा चेक काकांच्या हातात पडला. चेकवर तारीख होती 4 नोव्हेंबर.

पहिलं स्टेटमेंट आल्यावर कळलं की व्याजही 4 तारखेपासूनच लावलंय. सतरा दिवस पैसे त्यांच्याच कपाटात होते आणि त्यांचं सुमारे पंधरा हजार व्याज माझ्या माथी. रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 ला नेमक्या याच प्रकारावर परिपत्रक काढलंय: व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्या दिवसापासून लावायचं, जास्त घेतलेलं परत करायचं. ते गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. फोनवर चार महिने "बघतो" ऐकल्यावर परिपत्रकाची तारीख घालून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. अकरा दिवसांत पैसे खात्यात. ज्यांच्या स्टेटमेंटमध्ये चेकच्या आणि दस्ताच्या तारखेत फरक असेल त्यांनी हे जरूर तपासावं.

2025 मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून मिळून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, एक टक्क्याने उतरला. बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या मानदंडाशी, बहुतेक रेपोशीच, जोडलेली असतात, म्हणून शेजारच्यांचा दर आपोआप कमी झाला. गृहवित्त कंपनी स्वतःच्या आधार दराशी जोडते. माझा दर उतरला फक्त 0.15 ने. नव्या ग्राहकाइतका दर हवा तर शिल्लक कर्जाच्या अर्धा टक्का अधिक जीएसटी भरा, म्हणजे साडेएकवीस हजार. माझ्याच कर्जासाठी पुन्हा फी भरायची माझी तयारी नव्हती. तोवर पगारवाढ झाली होती, बँक तयार होती.

तेव्हा शाखेत तोंडी सांगितलं गेलं की कर्ज आधी फेडल्यास दोन टक्के लागतील. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर असा आकार घेता येत नाही. लेखी मागितल्यावर तो आकडा नाहीसा झाला, मात्र फोरक्लोजर पत्राला, म्हणजे कर्ज मिटवायला किती भरायचे ते सांगणाऱ्या पत्राला, तीन आठवडे लागले. मूळ कागदांसाठी मी पहिल्या दिवशीच लिहून कळवलं की कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार भरपाई आहे. एकोणिसाव्या दिवशी कागद आले. देताना जमा केलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी मी जपून ठेवली होती, म्हणून काकांच्या मूळ कराराची नोंदणी पावती पाकिटात नाही हे तिथेच लक्षात आलं. दुपारपर्यंत बसून राहिलो, ती घेऊनच उठलो.

रीसेल घेणाऱ्यांना एकच सांगेन: इसार देण्याआधी मालकाकडून झेरॉक्स घ्या, कर्ज देणाऱ्याच्या वकिलाचा अहवाल आधी करून घ्या आणि त्रुटींची पूर्ण यादी ईमेलवर मागा. फी चार-पाच हजार जाते. त्यानंतर साठेखत करा, नव्वद दिवसांचं. तारखेचा ताण नसेल तर 29 ऑक्टोबरसारखा दिवस येत नाही आणि आला तरी उठून जाता येतं.

विम्याच्या हप्त्यातला न वापरलेल्या वर्षांचा भाग परत मागितलाय. कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही. गृहवित्त कंपन्यांच्या तक्रारी नॅशनल हाउसिंग बँकेकडे जातात, तिथे या सोमवारी नोंद केली आहे.