सात महिने वापरल्यावर: खाण्यापिण्याच्या फ्रेझल व्हर्बची कार्डं

मीटिंग सुरू व्हायला दोन मिनिटं होती. सुट्टीत काय केलंस, असं पलीकडून कुणीतरी विचारलं. फ्रीज साफ केला आणि उरलंसुरलं सगळं टाकून दिलं, एवढंच मला सांगायचं होतं. मी ठणकावून म्हणाले, "आय थ्रू अप ऑल द लेफ्टओव्हर्स." स्क्रीनवरचे सगळे चेहरे गप्प. मग एकीने हळूच विचारलं, आता बरं वाटतंय का?

थ्रो आउट म्हणजे टाकून देणं. थ्रो अप म्हणजे ओकणं. क्रियापदाला असा आउट, अपसारखा छोटा शब्द चिकटला की अर्थ बदलतो, यालाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ही दोन्ही कार्डं तेव्हा तीन महिने माझ्याकडे होती आणि दोन्ही मला "पाठ" होती.

तर वस्तू अशी आहे: १२० कार्डं आणि पाच कप्प्यांचा पुठ्ठ्याचा डबा. कार्डाच्या पुढच्या बाजूला गाळलेली जागा असलेलं इंग्रजी वाक्य, मागे उत्तर आणि इंग्रजीतच एका ओळीचा अर्थ. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. ही लाइटनर पद्धत. सेबास्टियान लाइटनर यांनी ती १९७२ मध्ये मांडली आणि ती चालते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. रोज दहा-बारा मिनिटं पुरतात. डब्याचं झाकण दुसऱ्याच महिन्यात फाटलं, ते सोडून द्या.

म्हणणं आहे ते कार्डांच्या क्रमाबद्दल. कार्डं विषयवार लावलेली आहेत: खाण्याची एकत्र, पिण्याची एकत्र, शिजवण्याची एकत्र, उरल्यासुरल्याची एकत्र. घेताना मला हेच आवडलं होतं. पण मग एकाच दिवशी थ्रो आउट, थ्रो अवे आणि थ्रो अप ओळीने समोर येतात आणि रात्रीपर्यंत कुठलं कुठलं हे सांगता येत नाही. बरेच दिवस मला वाटत होतं की वय झालं, आता डोक्यात काही राहत नाही. पुढे वाचनात आलं की थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि रॉबर्ट वॅरिंग यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो, असं दोघांनाही दिसलं. जीव भांड्यात पडला. चौथ्या महिन्यात मी सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, थ्रो अप आधी पक्कं होऊ दिलं आणि थ्रो आउट तीन आठवडे कपाटात ठेवून दिलं. गाडी रुळावर आली ती तिथून.

दुसरा उपाय पेन्सिलीचा. मागचे इंग्रजी अर्थ बरोबर आहेत, पण निर्जीव आहेत. पिक ॲट या कार्डामागे "थोडं थोडं, इच्छा नसताना खाणे" अशा अर्थाची ओळ आहे. ती मी सहा वेळा वाचली आणि सहा वेळा विसरले. मग खाली लिहिलं: अन्न चिवडणे. पुन्हा चुकले नाही. त्या रात्री बसून निम्मा गठ्ठा असा रंगवला. वुल्फ डाउन म्हणजे बकाबका खाणं, टक इन म्हणजे ताव मारणं, पॉलिश ऑफ म्हणजे फडशा पाडणं, पिग आउट म्हणजे हादडणं, बॉइल ओव्हर म्हणजे उतू जाणं, बॉइल डाउन म्हणजे आटणं. आपल्याकडे एकेका शब्दात हे सगळं तयार आहे आणि मी इंग्रजी ओळी घोकत बसले होते! उलटंही होतं. वॉश डाउनला, म्हणजे घास पाण्याच्या किंवा दुसऱ्या कशाच्या घोटाबरोबर खाली ढकलण्याला, मला एका शब्दात काही सापडलं नाही, तिथे चित्र काढलं. आणि गो ऑफ! आपलं दूध नासतं, भाजी विटते, पीठ आंबतं, तेल खवट होतं. इंग्रजीत सगळ्याला एकच, गो ऑफ. वर एखाद्याला कॉफी नकोशी झाली तरी तो कॉफीवरून "गॉन ऑफ" झालेला असतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते "अप"ने. ईट आणि ईट अप, ड्रिंक आणि ड्रिंक अप, यूज आणि यूज अप. वर कोण जातंय? कार्डावर याचा खुलासा नाही. उलगडा झाला तो घरातच, भाचीला म्हणत होते तेव्हा: "दूध पी... अगं, पिऊन टाक लवकर." पी आणि पिऊन टाक. ड्रिंक आणि ड्रिंक अप. आपण "टाक" म्हणतो तेव्हा कुणी काही फेकत नाही, तसं त्यांचं "अप" वर जात नाही. दोन्हीकडे काम एकच, क्रिया शेवटाला नेणं. शाळेत संयुक्त क्रियापद म्हणून धातुसाधित अधिक सहायक क्रियापद असं जे पाठ केलं होतं, ते इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडलं. अर्थात हे सगळीकडे लागू पडत नाही. हीट अपमध्ये काही संपत नाही, फक्त तापतं. आणि कट डाउन ऑन शुगर म्हणजे साखर कमी करा, कट आउट शुगर म्हणजे बंदच करा. हा फरक डॉक्टरसमोर बसल्यावर कळून उपयोग नाही.

मोठी उणीव मात्र पुढची. सगळ्या वाक्यांत कर्म म्हणून नाम आहे: हीट अप द सूप. बोलताना आपण सारखं "ते" म्हणतो, म्हणून मी म्हणायचे "हीट अप इट". चूक. सर्वनाम आलं की ते मध्येच बसवावं लागतं, हीट इट अप. तसंच थ्रो इट आउट, पॉलिश इट ऑफ. पण पिक ॲट फोडता येत नाही, तिथे पिक ॲट इट असंच. डिग इनला, म्हणजे खायला तुटून पडण्याला, कर्म जोडायचं तर डिग इन्टू होतं. हे कुठेही छापलेलं नाही. मी फोडता येणाऱ्यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला, मग घडी बसली. हे काम संच छापणाऱ्यांचं होतं.

टक इन आणि नासण्याचं गो ऑफ हे ब्रिटिश वळणाचे आहेत, हेही कार्ड सांगत नाही. अमेरिकन माणूस डिग इन म्हणेल आणि त्याचं दूध गो बॅड होईल. उच्चाराची सोय नाहीच. आणि एग ऑन या संचात कसं आलं, देव जाणे. शेजारी अंड्याचं चित्रसुद्धा आहे. त्या एगचा अंड्याशी काही संबंध नाही, तो जुन्या नॉर्स भाषेतल्या चिथावणे या अर्थाच्या क्रियापदातून आलाय.

घ्यावा का? ज्याला सर्वनामाची भानगड आधीच ठाऊक आहे आणि जो पहिल्याच दिवशी गठ्ठा पिसायला तयार आहे, त्याने घ्यावा. वाक्यं चांगली आहेत, तोंडात बसतात. अगदी नवशिक्याला मी देणार नाही.

माझ्या पहिल्या कप्प्यात अजून अकरा कार्डं अडकून आहेत. त्यांत नॉक बॅक (गटागटा पिणं) आहे, व्हिप अप (झटपट बनवणं) आहे. थ्रो अप नाही.