गुंडाळी फळा: घ्या, पण खिळा आणि सुतळी सोबत न्या

बी.एड.च्या पहिल्या सराव पाठासाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून गुंडाळी फळा घेतला. काळं रेक्झिन, वर-खाली लाकडी पट्टी, टांगायला दोरी, मागच्या बाजूला आलेखाचे चौकोन. दुकानदाराने न विचारताच "बी.एड. का?" म्हणून खडूचा डबाही पुढे केला. चेहऱ्यावर लिहिलेलं असावं.

नव्या रेक्झिनवर खडू घसरतो. सीनियरने सांगितलं म्हणून आख्ख्या फळ्यावर खडू आडवा धरून घासला आणि कोरड्या फडक्याने पुसला, तेव्हा कुठे अक्षर उमटायला लागलं. दुकानात हे कोणी सांगत नाही.

पाठ होता पाचवीचा, सममूल्य अपूर्णांक. रात्री अकरापर्यंत बसून तीन सारख्या पट्ट्या काढल्या: एक दोन भागांची, एक चार, एक आठ. प्रत्येकीचा अर्धा भाग गुलाबी खडूने रंगवला. फळा गुंडाळला आणि सकाळी बसच्या गर्दीत छातीशी धरून शाळेत नेला.

वर्गात खिळाच नव्हता. होता तो थेट घड्याळाचा, छताजवळ; फळ्याच्या दोरीला तो काही कामाचा नव्हता. शेवटी पहिल्या बाकावरच्या दोन मुली फळा धरून उभ्या राहिल्या. खालची पट्टी इतकी हलकी, की रेक्झिन सुरळीच्या वडीसारखं वर वळत होतं. पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच इथेच गेली. मागच्या बाकावर निरीक्षक बाई लिहीत होत्या. काय लिहीत होत्या ते मी बघणार नाही असं ठरवलं होतं आणि दर मिनिटाला बघत होते.

प्रस्तावनेचे प्रश्न तोंडपाठ होते, ते झाले. हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं, झालं. मग विचारलं, "तिन्ही पट्ट्यांत किती भाग रंगवलाय?" टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, विद्यार्थ्यांचं अपेक्षित उत्तर लिहिलं होतं: "अर्धा." खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मधल्या पट्टीत अर्ध्यापेक्षा जास्तच आहे की."

बघते तर खरंच. गुंडाळल्यावर गुलाबी खडू पसरून शेजारच्या कोऱ्या भागावर छापला होता. वर्ग हसला. टाचणाच्या कुठल्याच रकान्यात याचं उत्तर नव्हतं. घसा कोरडा पडला. मग त्यालाच बोलावून खडू दिला आणि म्हटलं, "तूच दुरुस्त कर." त्याने बाहीने पुसलं, बोटांनी माप घेऊन रेघ ओढली आणि स्वतःच म्हणाला, "आता चारातले दोन." उरलेला पाठ त्या वाक्यावरच चालला.

तर फळा. रेघा आधी आखून नेता येतात आणि वर्गाकडे पाठ फिरवून काढत बसावं लागत नाही, यासाठी तो घ्यावाच. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत जातात, तेवढा तो टिकेल असं वाटतं. पण रंगीत खडूचं काम घरून करून नेऊ नका. बाह्यरेषा पांढऱ्या काढा, रंग वर्गातच भरा. गुंडाळताना मध्ये जुनं वर्तमानपत्र घाला. माझ्याकडून पाचपैकी तीन, एक गुण खालच्या पट्टीचा कापला, एक त्या दोरीचा.

बाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं: "फलक लेखन सुधारावे. मुलाला फळ्यापाशी बोलावले, छान." दुसऱ्या पाठाआधी खालच्या पट्टीला दोन्ही टोकांना जुनी कुलपं बांधली आहेत. आता वळत नाही, फक्त भिंतीवर आपटून आवाज करतो.