कानाच्या मशीनचे क्षेत्र: पदवी, पदविका की विक्रीची नोंदणी?

श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात शिरू पाहणारे लोक कोल्हापुरात साधारणपणे तीन प्रकारचे आढळतात. पहिला म्हणजे बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेला, पण नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण न मिळालेला विद्यार्थी. दुसरा म्हणजे घरच्या परिस्थितीमुळे वर्ष-दीड वर्षात हाताशी काही काम लागावे अशी गरज असलेला. आणि तिसरा म्हणजे राजारामपुरीत किंवा लक्ष्मीपुरीत चष्म्यांचे अथवा औषधांचे दुकान चालवणारा आणि त्याच काउंटरवर ‘कानाचे मशीन’ही ठेवावे असा विचार करणारा व्यावसायिक. तिघेही विचारतात ते एकच: यासाठी कोणता कोर्स करावा लागतो? परंतु यंत्र विकणे, यंत्र दुरुस्त करणे आणि माणसाचे कान तपासून यंत्र बसवणे ही तीन निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येकाची पात्रता वेगळी आहे. म्हणून कालावधी आणि फी यांची तुलना करण्याआधी यांपैकी कोणते काम आपल्याला स्वतःच्या सहीने करायचे आहे, हे ठरवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

या क्षेत्राचा मूळ कायदा म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992. या कायद्याने परिषदेकडे दोन कामे सोपवली आहेत: अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि ते पूर्ण करणाऱ्यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणे. कलम 13 नुसार मान्यताप्राप्त अर्हता आणि नोंदवहीत नाव या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज कोणालाही पुनर्वास व्यावसायिक म्हणून देशात कोठेही व्यवसाय करता येत नाही, सरकारी पद भूषवता येत नाही, कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हजार रुपयांचा दंड आजच्या काळात कोणाला रोखणार, असा प्रश्न रास्त आहे. पण कारावासाची तरतूद त्याच वाक्यात आहे हे विसरू नये. परिषदेच्या व्यावसायिकांच्या यादीत ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) व वाचा उपचारतज्ज्ञ हा एक प्रवर्ग आहे आणि श्रवणयंत्र व इअर मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) तंत्रज्ञ हा दुसरा.

इंटरनेटवर शोधणाऱ्यांची दिशाभूल होते ती बहुधा अमेरिकेतील माहितीमुळे. तिकडे ऑडिओलॉजिस्टखेरीज ‘हिअरिंग एड स्पेशालिस्ट’ हा स्वतंत्र परवानाधारक व्यवसाय आहे. त्याचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते, बहुतेक ठिकाणी शालान्त शिक्षण, उमेदवारीचा काळ आणि लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा एवढी अट असते, तर काही राज्ये दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी मागतात. शिवाय 17 ऑक्टोबर 2022 पासून तेथे प्रौढांच्या सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी थेट दुकानातून घेण्याची यंत्रे कायदेशीर झाली आहेत. यातले काहीही आपल्याकडे लागू होत नाही. आपल्याकडे अभ्यासक्रमानंतर वेगळी परवाना परीक्षा नाही. मान्य अभ्यासक्रम उत्तीर्ण होणे आणि नोंदणी करणे हाच परवाना. त्यामुळे तिकडे परीक्षेत पाहिली जाणारी सगळी पात्रता इथे संस्थेच्या निवडीत पाहावी लागते.

पदवी आणि पदविका

बीएएसएलपी, म्हणजे श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार यांची एकत्रित पदवी, चार वर्षांची आहे: तीन वर्षे अध्ययन आणि एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, फिजिओथेरपीसारख्या अभ्यासक्रमांच्या बरोबरीने, नीटच्या गुणांवर होतात. मुंबईचे नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही यातील जुनी, नावाजलेली ठिकाणे. पुण्यात भारती विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेते, आणि कोल्हापूरकरांनी ती केवळ परराज्यातील म्हणून यादीतून वगळू नये, कारण या विषयातील देशातील अग्रगण्य संस्थांत तिची गणना होते.

डीएचएलएस ही श्रवण, भाषा व वाचा यांची एक वर्षाची पदविका आहे. बारावी विज्ञान एवढीच पात्रता पुरते आणि म्हैसूरची संस्था ती देशातील निवडक रुग्णालयांमधील केंद्रांतून दूरदृश्य वर्गांच्या आधारे शिकवते. एका वर्षात नोंदणी मिळते, खर्च पदवीच्या मानाने पुष्कळ कमी असतो आणि राष्ट्रीय बधिरता नियंत्रण कार्यक्रमासारख्या सरकारी योजनांत ऑडिओमेट्री (श्रवणमापन) साहाय्यकाच्या कंत्राटी पदासाठी हीच अर्हता चालते. इचलकरंजीचे यंत्रमाग असोत की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या अधिसूचित रोगांच्या यादीत आहे; त्यामुळे कामगारांच्या श्रवणतपासणीच्या शिबिरांतही अशा पदविकाधारकांना काम मिळते. मात्र ही पदविका ‘साहाय्यक’ घडवते. तिची रचनाच ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी आहे आणि स्वतंत्र दवाखान्याची पाटी लावण्यासाठी ती नाही, ही गोष्ट जाहिरातींत सांगितली जात नाही.

एक वर्ष आणि चार वर्षे यांतला फरक पुस्तकांच्या जाडीत मोजता येत नाही, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. समजा, एका माणसाचा उजवा कान पूर्ण निकामी आहे आणि डावा चांगला आहे. हेडफोन लावून उजव्या कानात आवाज देत गेले की साधारण 50-60 डेसिबलला तो बोट वर करतो. आलेख पाहता उजव्या कानात मध्यम दोष आहे, यंत्राने फायदा होईल, असे वाटते. प्रत्यक्षात तो आवाज कवटीतून पलीकडे जाऊन डाव्या कानाने ऐकलेला असतो. साध्या हेडफोनने दिलेला आवाज 40 डेसिबलच्या पुढे गेला की असे पलीकडे ओलांडणे शक्य होते; म्हणून चांगल्या कानात मोजून-मापून गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते. याला मास्किंग म्हणतात. ते कमी पडले तर खोटा आलेख येतो आणि जास्त झाले तर तोच गोंगाट उलट्या बाजूने ओलांडून परत खोटा आलेख येतो. मास्किंगची ओळख पदविकेतही होते. पण दोन्ही कानांत वेगवेगळा दोष असेल, त्यात मध्यकर्णाचाही भाग असेल, तेव्हा किती गोंगाट द्यायचा हे बसल्या जागी ठरवण्याचा हात तीन वर्षांच्या क्लिनिकल पोस्टिंगशिवाय येत नाही. मास्किंग न करता मेलेल्या कानात यंत्र बसवले गेल्याची उदाहरणे या व्यवसायातील कोणालाही सांगता येतील. ग्राहक मात्र ‘मशीनच बोगस निघाले’ एवढेच म्हणतो.

हाच नेमकेपणा कागदपत्रांतही लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारितांना 70 डेसिबल श्रवणदोष असेल तर व्यक्ती बधिर ठरते आणि 60 ते 70 डेसिबल असेल तर अल्पश्रवण. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाच्या तपासणीत पाच डेसिबलची चूक झाली तरी त्याचा दाखला, आणि त्यावर अवलंबून असलेल्या सवलती, इकडच्या तिकडे होऊ शकतात. लहान बाळांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण बाळ आवाज ऐकून बोट वर करत नाही. बेरा (आवाजाला श्रवणमार्गाने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजणारी) आणि ओएई (आंतरकर्णातून परत येणारा सूक्ष्म ध्वनी मोजणारी) या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून, त्याच्या छोट्या कर्णनलिकेचा हिशेब धरून यंत्राची पातळी ठरवावी लागते. ज्याला मुलांबरोबर काम करायचे आहे, त्याने पदविकेवर थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीनंतर श्रवणशास्त्रात दोन वर्षांची एमएस्सी करता येते. अध्यापन किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या कामासाठी ती उपयोगी पडते, यंत्रांच्या नेहमीच्या व्यवसायासाठी ती अत्यावश्यक नाही.

तंत्रज्ञाची वाट

श्रवणयंत्र व इअर मोल्ड तंत्रज्ञानाची पदविकाही सुमारे वर्षभराची आहे, पण तिचा कल इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे. यंत्र उघडून दोष शोधणे, रिसीव्हर व मायक्रोफोन बदलणे, कानाच्या मापाचे साचे तयार करणे, हे तिचे काम. हाताने बारीक काम करण्याची आवड असलेल्या मुलासाठी ही वाट चांगली आहे. कानाचे माप घेताना आधी ऑटोस्कोपने आत पाहायचे, मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवायचा आणि मगच मऊ सिलिकॉन भरायचे. ते काही मिनिटांत घट्ट होते आणि अलगद फिरवून काढायचे असते. बोळा नीट बसला नसेल तर लगदा पडद्यापर्यंत जातो आणि मग तो काढणे हे कान-नाक-घसा तज्ज्ञाचे काम होऊन बसते. कानाची शस्त्रक्रिया झालेली पोकळी असेल तर धोका अधिकच. मात्र या वाटेचा वाव आक्रसतो आहे, हेही सांगितले पाहिजे. पूर्वीची ॲनालॉग यंत्रे बाकावर बसून दुरुस्त होत; आजच्या डिजिटल यंत्राचा बिघडलेला भाग बहुधा कंपनीकडे जातो आणि साचेही स्कॅन करून त्रिमितीय छपाईने बनू लागले आहेत. या पदविकेच्या जोरावर श्रवणतपासणी करून यंत्राचे प्रोग्रॅमिंग करण्याचा व्यवसाय मांडता येत नाही.

दुकानदाराचा प्रश्न

तिसऱ्या प्रकारच्या माणसाची अडचण निराळी आहे, कारण त्याच्या हातात एक खरा सरकारी कागद असू शकतो आणि तोच त्याला चकवतो. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 मध्ये 2022 साली झालेल्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्याला एमडी-42 या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन देते. अर्ज एमडी-41 मध्ये करायचा, शुल्क 3000 रुपये, आणि दर पाच वर्षांनी तेवढेच शुल्क भरून ते चालू ठेवायचे. पुरेशी जागा, योग्य साठवण आणि एक सक्षम तांत्रिक व्यक्ती असावी लागते. त्या व्यक्तीला कोणतीही मान्य पदवी, फार्मासिस्टची नोंदणी किंवा बारावी आणि उपकरणविक्रीचा एक वर्षाचा अनुभव एवढे पुरते. म्हणजे औषध दुकानदाराला ही अट सहज पूर्ण करता येते.

पण हे प्रमाणपत्र वस्तू विकण्याचे आहे. काउंटरमागे ऑडिओमीटर ठेवून तपासणी करणे, आलेखावर सही करणे, यंत्राचे प्रोग्रॅमिंग करणे हे त्यात येत नाही. तिथे पुनर्वास परिषदेचा कायदा सुरू होतो. यंत्र उत्पादक कंपन्या वितरकांना दोन-चार दिवसांचे किंवा आठवड्याचे प्रशिक्षण देतात आणि शेवटी चांगल्या जाड कागदावर प्रमाणपत्रही देतात. त्या प्रशिक्षणात आपल्या यंत्रांचे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे उत्तम शिकवले जाते, ते निरुपयोगी अजिबात नाही. परंतु कान वाहत असणे, अचानक आलेले बहिरेपण, एकाच कानात वाढत जाणारा दोष किंवा चक्कर, अशा रुग्णाला यंत्र न विकता आधी डॉक्टरकडे पाठवायला हवे, हे ओळखण्याचे शिक्षण विक्रीच्या प्रशिक्षणात बसत नाही. आणि खरे सांगायचे तर विक्रीच्या उद्दिष्टाला ते परवडतही नाही.

अशा दुकानदाराने एमडी-42 घ्यावे आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टला बसवावे, हा मार्ग कायद्याला धरून आहे आणि व्यवहारालाही. गडहिंग्लज किंवा राधानगरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे पूर्णवेळ ऑडिओलॉजिस्ट परवडणार नाही, तेथे डीएचएलएस झालेला साहाय्यक रोज आणि ऑडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा, अशी जोडणी बरी पडेल. मात्र ऑडिओलॉजिस्टचे प्रमाणपत्र फक्त भिंतीला आणि माणूस पुण्याला, असा प्रकार असेल तर त्या माणसाची नोंदणीही अडचणीत येऊ शकते, हे दोघांनी समजून असावे.

पहिल्या दोघांबद्दल. ज्याच्या घरी चार वर्षांचा खर्च आणि बाहेरगावचे राहणे निभावण्याजोगे आहे, त्याने पदवीच घ्यावी; श्रवणाबरोबर वाचा उपचारांचीही नोंदणी मिळत असल्याने यंत्रांची विक्री मंदावली तरी काम थांबत नाही. ज्याला वर्षात कमाई हवी आहे, त्याला डीएचएलएस योग्य, पण रुग्णालयात किंवा ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली नोकरी हेच पुढचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून. पदविका घेऊन नंतर स्वतःचे सेंटर काढू, असा बेत असेल तर ते वर्ष पदवीच्या पहिल्या वर्षाला लावणे केव्हाही परवडते. नोंदणी एकदा मिळाली की कायमची, असेही कोणी समजू नये. ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी परिषदेच्या मान्यतेचे निरंतर प्रशिक्षण घेतल्याचे दाखवावे लागते.

प्रवेशाची फी भरण्यापूर्वी एक कागद मात्र हटकून मागावा. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट नसून त्या त्या अभ्यासक्रमाला आणि ठरावीक कालावधीपुरती असते. एखाद्या संस्थेच्या पदवीला मान्यता असूनही तिच्याच पदविकेला ती नसू शकते, किंवा मागच्या तुकडीला होती आणि यंदाच्या तुकडीला मिळायची आहे असेही असू शकते. ‘प्रस्ताव पाठवला आहे, येईलच’ असे कार्यालयातून उत्तर आले तर थांबावे. आपल्या प्रवेशवर्षाचा स्पष्ट उल्लेख असलेले मान्यतापत्र पाहावे आणि परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीशी ते ताडून घ्यावे, कारण मान्यता नसलेल्या तुकडीतील विद्यार्थी कितीही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला तरी त्याचे नाव नोंदवहीत घेतले जात नाही.