घोडीसाठी इलेक्ट्रोलाइट पावडर: काही महिने वापरल्यानंतर

लांब पल्ल्याच्या रपेटीची तयारी सुरू केली तेव्हापासून घोडीला ही पावडर, म्हणजे घामातून जाणारे क्षार भरून काढणारी पूड, देतोय. गारठा आणि कडक ऊन, दोन्ही पाहून झालंय.

घेताना डब्याच्या मागचा मजकूर वाचून घेतली. घोड्याच्या एका लिटर घामातून साधारण १० ग्रॅम क्षार जातात. सर्वांत जास्त क्लोराइड, मग सोडियम, मग पोटॅशियम. पावडरीतही हाच क्रम हवा, आणि हिच्यात तो आहे. बऱ्याच पावडरींत पहिलं नाव साखरेचं असतं, त्या सरळ बाजूला ठेवा. खाण्याचा सोडा असलेलीही नको. घामातून क्लोराइड गेल्याने रक्त आधीच अल्कलीकडे (आम्लाच्या उलट बाजूला) झुकलेलं असतं, सोडा ते आणखी तिकडेच ढकलतो.

खरा फरक पडला तो पाणी पिण्यात. आपला घाम रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो, म्हणून घाम गेला की रक्तातलं मीठ वाढतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम मात्र जवळपास रक्ताइतकाच खारट. पाणी आणि मीठ सोबतच निघून जातं, त्यामुळे घोडा कोरडा पडत चालला तरी त्याला तहान जाणवत नाही. दुडकीचं लांब काम झालं की आमच्या घोडीच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, खोगिराच्या कडेने वाळलेल्या मिठाची रेघ, आणि तरी ती बादलीत नाक बुडवून मान फिरवायची. आता ओल्या चंदीत (दाण्याच्या खुराकात) पावडर कालवून दिली की थोड्या वेळाने आपणहून बादलीकडे वळते. प्रत्येक घोटाला तिचे कान हलतात. ते बघत उभं राहायला मला फार आवडतं.

पाण्यात मिसळलेली पावडर तिला अजिबात चालत नाही. कुणाच्या घोड्याला चालत असेल तरी शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच. पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात घट्ट पेस्ट कोंबू नका, ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते.

माझी तक्रार 'रोज एक माप' या सूचनेबद्दल आहे. माप घामावर ठरायला हवं. हलक्या कामाच्या दिवशी ५०० किलोच्या घोड्याला चंदीत २५ ग्रॅमच्या आसपास साधं मीठ पुरतं, पोटॅशियम गवतातून भरपूर मिळतं. दमट हवेत पावडरीचे गोळे होतात, झाकणही नीट बसत नाही.

कामानंतर हृदयाच्या ठोक्याबरोबर कूस (बरगड्यांमागची बाजू) उडताना दिसली, तर पावडर शोधत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. बाकी उन्हाळी तयारीसाठी हीच पावडर पुन्हा घेणार आहे.